मेजरसाहेबांसाठी नितळ बीअर

टाक्या दोन, गॅसचा सिलिंडर एक, नळ्या तीन, दाबमापक एक. गाळायचे जाड कागद आणले होते बारा. उरला होता एक.

सुगतने तो दोन चकत्यांमध्ये बसवला. बीएस्सी होऊन दोन वर्षं तो घरी बसून होता. देवळाली कॅम्पातले निवृत्त मेजर बीअरचा कारखाना काढत होते. "काचेसारखी नितळ करून दाखव, केमिस्ट म्हणून घेतो," असं त्यांनी सांगितलं होतं. आज पाचला ते येणार होते आणि घरी आंबवलेली एकही खेप अजून नितळ उतरली नव्हती.

"वॉशर परत गळतोय!" सुगत करवादला.

"त्याला कशाला शिव्या देता, मास्तर? त्यानं थोडीच बीएस्सी केलीय?" नजीर म्हणाला. सोडा फॅक्टरी त्याची, टाक्या आणि सिलिंडरही त्याचेच. "आणि पाना खाली ठेवा. पहले गॅस सोडा. माझं छप्पर नवं आहे."

सुगतने गॅस सोडला. काटा शून्यावर आल्यावरच नट आवळला आणि पुन्हा हळूहळू दाब दिला. चार पौंड. सहा. दरवेळी इथेच कागद तुंबायचा, काटा दहावर जायचा, कागद फाटायचा आणि गढूळ फेस तोंडावर यायचा.

काटा सहावरच राहिला. दुसऱ्या टाकीत सोनेरी धार पडू लागली. नजीरने काचेच्या नळीमागे बोट धरलं.

"या अल्ला! नख दिसतंय की!"

मेजर तीन ग्लास प्यायले. तिसऱ्या ग्लासाला त्यांनी नजीरच्या गळ्यात हात टाकला, एकाहत्तरची लढाई दुसऱ्यांदा सांगितली आणि निघताना उंबऱ्याला अडखळले.

"झकास चढते रे पोरा! सोमवारपासून ये. फक्त अल्कोहोल किती ते मोजून आण. लेबलवर छापायचंय."

बाटलीत नमुना घेऊन सुगत गंगापूर रोडला घरी आला. बातमी ऐकून त्याच्या आईने, विमलाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला.

"माझ्या कष्टाचं चीज झालं बाबा. जिवंत जंतूंमुळं गढूळ राहतं म्हणालास ना? काल तू फॅक्टरीत गेल्यावर सगळं पातेलं उकळलं. चांगलं निम्मं आटवलं. कमी दिसू नये म्हणून वर पाणी घातलं."

सुगतने स्टोव्ह पेटवला, नमुन्याची वाफ थंड करून थेंब थेंब गोळा केली आणि मोजली. मग पुन्हा मोजली.

अल्कोहोल : शून्य टक्के.