कोरडं दार

गजराबाईंनी सकाळी सड्याची बादली उचलली, तशी सून आडवी आली.

"आत्याबाई, पाणी नका टाकू. उतारावर काचेसारखा बर्फ धरतो, दिसतसुद्धा नाही. आता सगळे नुसती रांगोळीच काढतात."

"दार कोरडं ठेवायला आपल्या घरात कोणी गेलंय का?"

असं फटकारून त्यांनी दारापुढच्या उताराच्या रस्त्यावर पार कडेपर्यंत सडा टाकला आणि मधोमध ठसठशीत रांगोळी काढली. तापलेली पृथ्वी निववायला शास्त्रज्ञांनी आभाळात ऊन अडवणारी भुकटी फवारली, तेव्हापासून सह्याद्रीतही पाणी गोठू लागलं होतं. पण जन्माची सवय कोण मोडणार?

थोड्या वेळाने शेजारचा रंगनाथ दुधाचे कॅन लावून मोटरसायकलवर उतार उतरू लागला. रांगोळी त्याला लांबूनच दिसली. तिच्यावरून चाक जाऊ नये म्हणून त्याने गाडी कडेला घेतली. कडेचा बर्फ मात्र त्याला दिसला नाही. गाडी घसरली, डोकं दगडी कठड्यावर आदळलं आणि तो जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी रंगनाथच्या दारात ना सडा होता, ना रांगोळी. गजराबाईंच्याही दारात काही नव्हतं. त्या उंबऱ्यावर बसून होत्या. दुखवट्याला आलेल्या परगावच्या एका बाईने दोन्ही दारं पाहिली आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडचंही कोणी गेलं का हो?"

"हो," गजराबाई म्हणाल्या.