काठाजवळचा खडक

थोरलीने खडकाला उलथनं टेकवलं आणि जोर लावला. हिरव्यागार शेवाळाचा पापुद्रा बुडासकट सुटून आला. तिला बरं वाटलं. तिने पुन्हा जोर लावला.

हे खायचं शेवाळ कात्रीने वरच्यावर कापायचं, बूड खडकाला राहू द्यायचं, म्हणजे ते परत फुटतं, हे तिलाही माहीत होतं. बाबांच्या खाणावळीत इतकी वर्षं तीच तर रांधत होती. कोवळी पानं सुपात, वाळवून चुरलेली भातावर, उरलंसुरलं कोंबड्यांना. हात भाजायचे हिचे आणि कौतुक व्हायचं धाकटीचं. ओहोटी लागली की बाबा धाकटीला घेऊन लांबच्या खडकांवर जायचे. थोरलीचा गुडघा लहानपणापासून अधू, म्हणून ती आपली चुलीपाशी.

आणि हा खडक! घरापासून हाकेच्या अंतरावर, शेवाळ सगळ्यांत दाट, पण त्याला कुणी हात लावायचा नाही. परवा शेजारीण नुसती वाकली, तर धाकटी केवढ्यांदा ओरडली, "बाबांनी राखलाय तो!" कुणासाठी, हे काय सांगायला हवं? लाडक्या लेकीला आंदण. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

टोपली भरली तेव्हा खडक पार बोडका झाला होता.

दुपारी तिने त्याचंच सूप केलं. धाकटीने टोपलीत डोकावून पानांची बुडं पाहिली. मग ताईकडे पाहिलं.

"बघतेस काय? बोल की!"

धाकटीने बाबांसमोर वाडगा ठेवला.

बाबांनी एक घोट घेतला. "वा!" म्हणाले, आणि लगेच धाकटीवर डोळे वटारले. "काय गं, काठाजवळच्या खडकावर नाही ना हात मारलास?"

"नाही बाबा. लांबून आणलं."

"मग हरकत नाही." ते थोरलीकडे वळले. "तुझ्या गुडघ्याला तेवढा एकच खडक झेपेल. दाट होईपर्यंत मुद्दामच बोललो नाही. उद्या ओहोटीला चल, पोरी. तुझ्यासाठी कात्रीला धार लावून ठेवलीय."