चौतीस ठोके

तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळींत कागद खोडून खोडून इतका पातळ झाला होता, की मागच्या पानावरची अक्षरं दिसत होती. तिसरीतल्या नातीला शाळेने घरातल्या प्रत्येकाची नाडी मिनिटभर मोजून लिहायला सांगितलं होतं. आजोबा, बहात्तर. मी, बासष्ट.

आजोबांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. बनवलेला आकडा त्यांना वास आल्यासारखा कळायचा.

"खरे किती आले होते गं माझे?"

"अडतीस. तीनदा मोजले."

"मग तेच लिहायचं. मनचे आकडे लिहिणाऱ्यांना मी सरळ भोपळा द्यायचो."

"द्या भोपळा!" तिचे डोळे भरून आले. "बाई म्हणाल्या, मोठ्या माणसांचे ठोके साठ तरी हवेतच. माझे शहाण्णव होते, त्यातले चौतीस तुम्हाला दिले. मला बासष्ट पुरतात."

डॉक्टरांनी पेसमेकर बसवायला सांगून सहा महिने झाले होते आणि आजोबा रोज 'बघू' म्हणत होते. त्यांनी खोडरबर घेतलं, नातीचे चौतीस ठोके तिला परत केले आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "सूनबाई, डॉक्टरांना फोन लाव. पेसमेकर बसवून घेतो मी."