फोटोपुरतं क्लॅरिनेट

"चाचा, फुंकायचं नाही. लाल कोट घालून नुसतं हातात धरा, फोटोत शोभतं," डीजेवाल्यानं बजावलं होतं. तरी बॅन्डमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या बाबालालनं सवयीनं क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची रीड जिभेवर भिजवून ठेवली होती.

पाठवणीला नवरीची आजी जवळ आली. "माझ्या लग्नात तुमच्या अब्बांनी वाजवलेलं ते माहेरचं गाणं येतं का हो?"

बाबालालनं क्लॅरिनेट ओठांना लावलं. त्या गाण्यातला श्वास कुठे घ्यायचा, हेसुद्धा अब्बांनीच शिकवलं होतं.

तेवढ्यात आजीनं गुणगुणलेली ओळ ऐकून डीजेवाल्यानं मोबाईलवर तेच गाणं शोधून ढणढणत्या ठोक्यावर लावलं. वऱ्हाड नाचू लागलं. आजीनं डोळ्यांना पदर लावला. "अगदी हेच बघा. राहू द्या भाऊ, उगाच दम लागेल तुम्हाला."

"चाचा, वाद्य जरा वर," फोटोग्राफर म्हणाला.

बाबालालनं ते वर धरलं.