कणकेखालचं विमान

श्यामरावांनी वीतभर विमानाच्या पंखावरची मास्किंग टेप ओढली आणि टेपेबरोबर खालचा रंगही सालीसारखा निघून आला. पुन्हा.

"झालं. हे सगळं आता सौमित्रला देऊन टाकतो," ते म्हणाले. "रंग, ब्रश, फवाऱ्याचा कॉम्प्रेसर, सगळं. संध्याकाळी घेऊन जा म्हणावं."

पद्मजाताईंना खरं तर आनंद व्हायला हवा होता. कोथरूडच्या त्या आठव्या मजल्यावर विमानं इतकी झाली होती, की स्वयंपाकघरात जायचं तर आधी धावपट्टी ओलांडावी लागे. पण नवऱ्याचं उतरलेलं तोंड काही त्यांना बघवेना.

खालच्या मजल्यावरचा हा सौमित्रही मॉडेलं करायचा. चार लोकांसमोर तो म्हणाला होता, "काका, लढाऊ विमान रंगवतात ते लपायला. तुमचं लपत नाही हो, मिरवतं." आणि खोटं नव्हतं ते. टेपेमुळे हिरवा आणि मातकट रंग असे काटेकोर वेगळे व्हायचे, जसा लुगड्याचा काठ.

"अहो, द्या इकडे," पद्मजाताईंनी कणकेची परात पुढे ओढली. "आपल्या समोरच्या टेकडीवरच्या हिरव्याला कधी काठ बघितलाय का?"

विमान मातकट रंगवून, वाळवून झालं. मग त्यांनी कडबोळ्याला वळतात तशा कणकेच्या वळ्या केल्या, पंखांवर नागमोडी बसवल्या आणि जिथं मातकटच ठेवायचं तिथं कणकेचे चपटे गोळे थापले.

"पद्मजा, ही कणीक आहे."

"ठाऊक आहे. मीच मळलीय."

श्यामरावांनी मुकाट्यानं वरून हिरवा फवारला. विमान कसलं, नैवेद्याचं काहीतरी दिसत होतं. उन्हासाठी दोघं ते गच्चीत घेऊन गेले आणि पद्मजाताईंनी एकेक वळी, एकेक गोळा अलगद उचलला.



हिरवा कुठं संपला आणि मातकट कुठं सुरू झाला, सांगता येत नव्हतं. रानावरून ढगाची सावली सरकत जावी तसा एक रंग दुसऱ्यात उतरला होता. श्यामरावांनी श्वास धरून ठेवला, जणू सोडला तर रंग उडून जाईल. मग त्यांनी विमान कठड्यावर ठेवलं.

आणि घार आली. कुठून आली, देव जाणे. सूऽऽ करून आवाज झाला, वारा तोंडावर आला आणि कठडा रिकामा.

"अहो! नेलं! नेलं मेलीनं!"

श्यामराव मटकन खाली बसले. "घारीला वरून दिसलं, पद्मजा. आभाळातून दिसलं. म्हणजे हेही फसलंच."

"पांढऱ्या कठड्यावर मुंगीसुद्धा दिसेल. उठा आधी. बघा तरी!"

ते उठले. घार गच्चीच्याही खाली उतरून टेकडीकडे निघाली होती, पंख न हलवता. तिच्या पायांत ते विमान असं सपाट, सरळ धरलेलं, की घार विमानाला नेतेय की विमान घारीला, कळेना. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी ओलांडली, वडाचा शेंडा ओलांडला. जन्मभर विमानं केली माणसानं, पण उडालेलं हे पहिलंच. श्यामरावांचा हात आपोआप कपाळाशी गेला. सलाम केला की ऊन अडवलं, त्यांचं त्यांना माहीत.

मग घार टेकडीवर पोचली. खाली वाळलेलं गवत, मध्येच झाडांचे हिरवे पुंजके.

"पद्मजा," श्यामराव म्हणाले, "दिसतंय का गं विमान तुला?"

पद्मजाताईंनी पदरानं चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. घार लख्ख दिसत होती, पिसांसकट. तिच्या पायांखाली नुसतीच टेकडी.

"नाही हो."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

 टेकडीवरची नजर न काढता श्यामराव हळूच म्हणाले,

"सौमित्रला वर बोलाव. म्हणावं, शोध."