थांब्यावरचा माठ

आमच्या द्राक्षबागेत पूर्वी रेल्वेचा छोटा थांबा होता. रूळ कधीच उखडले, फलाटाचा दगडी ओटा तेवढा राहिला. आजोबा तिथं उतारूंसाठी गाळलेल्या पाण्याचा माठ भरून ठेवायचे. ती रीत आम्ही मोडली नाही. माठ रोज संध्याकाळी रिकामा असतो. कोण पितं, ते घरात कुणी विचारत नाही.

काल ऊन फार होतं. माझी बायको सुरेखा म्हणाली, "आवं, आज माठ आपल्या सोप्यातच ठेवू. सावलीत पिऊ देत बिचारी."

दिवस मावळायच्या आत माठ रिकामा झाला. फरशीवर धुळीच्या पावलांचे लहानमोठे ठसे उमटले होते, सगळे माजघराकडे जाणारे. परत फिरलेला एकही नव्हता.

"बसू द्या," सुरेखा मायेनं म्हणाली. "लय दमली असतील."

"व्हय गं. पण परत जायला त्यास्नी गाडी कुठं हाय?"