अडखळणारं गाणं

"आमच्या नेटवर कुणाच्या शिकवण्या चालतात, ते आम्हाला कळत नाही असं समजू नका," हेडसर जिन्यात म्हणाले.

आवाज चढवला नव्हता. शाळेतही ते आवाज चढवत नसत. कॉपी करणाऱ्याला भर वर्गात उभं करून हळूच विचारायचे. पण जिन्यात तीन-चार शेजारी होते आणि सगळ्यांनी ऐकलं. खालच्या मजल्यावरची शिकवणीवाली भाजीची पिशवी हातात घेऊन उभी होती. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"माझं स्वतःचं कनेक्शन आहे, सर," एवढंच पुटपुटून ती आत गेली.

"असेलही," हेडसर बाकीच्यांकडे बघत म्हणाले. "पण ओढतंय कुणाचं, ते बघायला हवं."

हेडसरांचं दुखणं साधं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यभराची हौस पुरवून घेतली होती. उत्तम स्पीकर आणले, आणि इंटरनेटवरून गाणं घेणारा एक प्लेअर. आवाज असा, की तान घेण्याआधी गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यावा. बसवला त्या दिवशी नेमकी रस्त्याच्या खोदकामात त्यांची नेटची लाईन तुटली होती. पण जावई खटपट्या. खालच्या मजल्यावर चार चकरा मारून त्याने संध्याकाळच्या आत गाणं सुरू करून दिलं आणि सासऱ्यांची शाबासकी घेऊन आपल्या गावी निघून गेला.

मग रोजचंच झालं. दिवसभर सगळं ठीक. संध्याकाळ झाली, हेडसर चहा घेऊन खुर्चीत टेकले, की गाणं अडखळायला लागायचं. सूर लागतोय न लागतोय तोच ठप्प.

त्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? राउटर कपाटामागून काढून उंच फळीवर ठेवला. जास्त वेगाचा प्लॅन घेतला. सिग्नल पुढे पोचवणारी एक डबी मधल्या खोलीत लावली. प्लेअरपर्यंत सरळ वायरच टाकणार होते, पण नव्या रंगाच्या भिंतीला भोक पाडायचं म्हटल्यावर बायको आडवी आली. इतकं करूनही गाणं लंगडं ते लंगडंच.

एका संध्याकाळी गाणं अडकलं आणि त्या शांततेत खालून आवाज आला, "ऐकू येतंय का सगळ्यांना? चला, वह्या काढा." कॉम्प्युटरवरची शिकवणी सुरू झाली होती. हेडसरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

जिन्यात बोलून वर आले ते थेट पासवर्ड बदलायलाच बसले. नवा पासवर्ड बायकोच्या मोबाईलमध्ये घालावा लागला, टीव्हीत घालावा लागला. प्लेअरने मात्र काही विचारलंच नाही; आपला वाजत राहिला. महागाची वस्तू शहाणी असते, असं हेडसर म्हणाले.

त्या संध्याकाळी गाणं पाण्यासारखं वाहिलं.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले.

"बघितलं," ती म्हणाली. "जिन्यात तिचं तोंडही बघितलं."

पुढच्या संध्याकाळीही एक सूर तुटला नाही. पण खालून "वह्या काढा" ऐकू येईना. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटून म्हणाले, "बरं खडसावलंत, सर. असंच पाहिजे." आणि शाबासकी ऐकून हेडसरांना उगाचच चोरट्यासारखं झालं. मग ते जिन्यात कुणाची चाहूल नाही असं बघूनच खाली उतरू लागले. गाणं लावायचे, डोळे मिटायचे आणि डोळ्यांपुढे ती भाजीची पिशवी यायची.

"चूक तिची आणि मान खाली माझी, हा कुठला न्याय?" एकदा ते बोलून गेले.

"खरं बोलला असाल हो," बायको म्हणाली. "पण चारचौघांत बोललात. एकटीला गाठून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

ते रात्रभर तळमळले. सकाळी ठरवलं, जाऊन माफी मागायची. जे बोललो त्याची नाही. जसं बोललो त्याची. संध्याकाळी त्यांनी चपला घातल्या आणि दार उघडलं, तर दारात तीच उभी.

"या, बसा ना," ते गडबडले.

ती बसली नाही. "सर, मला यातलं काही कळत नाही. नेटचा डबा भावाने बसवून दिला होता, पासवर्डही त्यालाच ठाऊक. तो तुमच्याशी कसा जोडला गेला, देव जाणे. मला खरंच माहीत नव्हतं."

"जाऊ द्या हो. मीच तसं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं."

"नाही, तुम्ही खरं ते बोललात. मलाच लाज वाटत होती, म्हणून यायला इतके दिवस लागले." तिचे डोळे भरून आले. "शिकवणी त्याच दिवसापासून बंद ठेवलीय. आता बहिणीच्या घरून घेईन. पण डबा अजून चालूच आहे. उगाच तुमचं नेट खात बसेल. आता जाऊन कायमचा बंद करते. तुमच्या मनात किंतू नको."

हेडसरांची कानशिलं तापली. नको म्हणावंसं वाटलं. निदान आपलं म्हणणं तरी खरं होतं, एवढा एकच आधार उरला होता. तो धरून ते "बरं" म्हणाले.

ती खाली गेली. ते खुर्चीत येऊन बसले. स्वयंपाकघरात बायको मोबाईलवर कुणाचंतरी विणकाम बघत होती. गाणं रंगात आलं होतं. गायिका एकेक पायरी चढत वरच्या सुराकडे निघाली होती. सूर लागला, आणि तुटला.

हेडसरांनी फळीवर बघितलं. राउटरचे सगळे दिवे हिरवेगार होते. स्वयंपाकघरातली विणकाम शिकवणारी बाई न अडखळता बोलत होती. त्यांनी प्लेअरचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. स्पीकर मुके.

जिन्यातून आवाज आला, "सर, केला हो बंद. आता नीट येतंय ना?"